अधिक-उणे गोवंडी

गोवंडीला राहतो म्हटलं की समोरच्याचं नाक आपोआप आक्रसतं. मग तो सावरून घेत विचारतो, ‘पण आता बरंच सुधारलंय ना तिकडे?’ शेजारच्या देवनारला मुंबईचा कचरा १९२७ पासून येतोय, कत्तलखाना १९७१ पासून आहे. नाकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या मालासाठी गोवंडीचं नाव व्हायला हवं त्याची कुणाला खबरच नाही. तो माल म्हणजे अधिक-उणे. वर अधिकची फुली आणि तिच्या पायाशी उण्याची रेघ, असं जे जोडचिन्ह गणितात असतं, ते या देशात मनापासून कुठे वापरलं जात असेल तर आमच्या गोवंडी-मानखुर्द या दोन स्टेशनांच्या पट्ट्यात.

गोवंडी स्टेशनाच्या रस्त्याला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा कारभार १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून तिच्याकडे. पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरांत माणसं पाठवून कुणाला किती मुलं, कुणाच्या अंगात रक्त किती, हे सगळं विचारलं, तपासलं आणि अहवालाच्या शेवटी परिशिष्टात छापून टाकलं, की आमचा आकडा इतका वर किंवा इतका खाली असू शकतो. एवढी माणसं एवढ्या पायऱ्या चढून आल्यावर असं कबूल करायला छाती लागते. पुढच्या स्टेशनावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते १९७४ चं. देशभरातली ऑलिम्पियाडची हुशार पोरं तिथे शिबिराला येतात. या पोरांना उत्तर येतंच. त्यांना तिथे शिकवावं लागतं ते उत्तराच्या पुढचं अधिक-उणे.

या दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्या आम्हा मंडळींनी मात्र त्या चिन्हाचा विटाळ होऊ दिलेला नाही. आमच्या सोसायटीत पाणी ‘बरोब्बर’ साडेपाचला येतं. येत नाही त्या दिवशी साडेपाच उशिरा वाजतात. सेक्रेटरींच्या मते गच्चीच्या गळतीचा खर्च ‘फिक्स’ आहे, फक्त दर मीटिंगला तो वेगळा फिक्स असतो. आमच्या आईचं वय तिच्या सांगण्यानुसार ‘पुरतं अठ्ठ्याहत्तर’ आहे आणि गेली काही वर्षं ते पुरतंच आहे.

अशा या वस्तीत आमच्या पुतणीने साईन वेव्ह फिट करायला घेतली.

धाकटा भाऊ चिपळूणला असतो, त्याची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. एका संध्याकाळी तिने पिशवीतून नादकाटा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. दांड्यावर ५१२ कोरलेलं. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि लोणच्याच्या बरणीला बरोबर लांबीचा आहे, असा निर्वाळा दिला. पुतणी म्हणाली, ‘आजी, हा सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतो.’ आई म्हणाली, ‘मग काय उपयोग? फोड पडेल.’

काम ऐकायला सोपं होतं. काटा वाजवायचा. मोबाईलवर त्याचा आवाज पकडायचा. त्या आवाजाचे ठिपके आलेखावर मांडायचे, त्यांतून साईनची वळणदार रेघ जाईल अशी बसवायची आणि खरी वारंवारिता किती ते अधिक-उण्यासकट लिहायचं. मी म्हटलं, ‘दांड्यावर लिहिलंय की पाचशे बारा.’ तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आमच्या वेळी फक्त परीक्षकांकडे असायची.

प्रयोगशाळेत काटा रबरी ठोकळ्यावर आपटतात. घरी माझी बाथरूमची चप्पल होती. टाचेवर हलकेच मारला की काटा असा गोड बोलतो, की चपलेबद्दलचं मत बदलावं. आणखी एक गंमत त्या पोरीने दाखवली. वाजता काटा कानाजवळ धरून दांडा बोटांत हळूहळू फिरवायचा. एका फेऱ्यात चार वेळा आवाज गडप होतो आणि चार वेळा परत येतो. दोन्ही पात्यांकडून निघालेल्या लाटा त्या चार दिशांना एकमेकींना मारतात म्हणे. आईला हे इतकं आवडलं की रात्रीचं जेवण लांबलं. ‘दोघी बोलतायत आणि ऐकू काहीच येत नाही,’ ती म्हणाली, ‘हे आपल्या घरात कधी झालं नव्हतं.’

मोबाईल सेकंदाला ४४,१०० वेळा हवेचा दाब टिपतो. पुतणीला सेकंदाचा शंभरावा भागच पुरणार होता. म्हणजे ४४१ ठिपके. त्या भागात काट्याच्या पाच लाटा मावतात आणि थोडी उरते. आता हवेचा दाब म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी भरभक्कम असेल. तसं नाही. डोक्यावरच्या हवेचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो आणि दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात तेव्हा तो जेमतेम पन्नास लाखांत एक एवढाच हलतो. एवढ्याशा हलण्यावर जगातली सगळी भांडणं उभी आहेत.

पण ठिपके नुसते मांडून भागत नाही. प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर आणि पायाशी एक उभी रेघ काढावी लागते: खरा दाब इथपासून इथपर्यंत कुठेही असू शकेल. या रेघेची अर्धी लांबी म्हणजे सिग्मा. तो काढायची रीतही सरळ आहे. काटा न वाजवता, तितकाच वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करायची. त्या शांततेत मोबाईलला जी हालचाल दिसते, तिचा सरासरी पसारा म्हणजे सिग्मा.

‘काका, मला शांतता हवीये,’ ती म्हणाली.

घरात क्षणभर शांतता पसरली, पण तेवढ्यात तिला मोबाईल चालू करता आला नाही.

कायद्याने पाहिलं तर शांततेची आमच्याकडे ददात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. आता साधं बोलणं हाताच्या अंतरावरून ६० डेसिबलच्या आसपास भरतं. म्हणजे गॅलरीत उभं राहून दोघांनी ‘काय, जेवलात का?’ एवढं केलं तरी मर्यादा मागे पडली. कायद्याचा आकडा सरासरीचा असतो म्हणून आपण सगळे तुरुंगाबाहेर आहोत. आणि हे झालं साध्या बोलण्याचं. गोवंडीत साधं बोलणं हे अंत्यदर्शनाच्या वेळी बोलतात.

दिवसा प्रयत्न करण्यात अर्थ नव्हता. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याकडून ट्रकांचा घोष येतो, मधून भोंगे. त्यात खालच्या मजल्यावर शिवणयंत्र. भंगारवाला दिवसातून दोनदा जातो आणि त्याने ओरडणं सोडून आपली आरोळी रेकॉर्ड करून कर्ण्यावर लावल्यापासून त्याच्या घशाला आराम आहे, आमच्या कानांना नाही. दुपारी सगळं निवलं असं वाटलं तर कबुतरं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या तेव्हापासून ती जाळीच्या बाहेर बसून आत पाहत घुमतात. घुमण्यात आता तक्रारीचा सूर आलाय.

शेवटी रात्रीचा मुहूर्त ठरला. हार्बरची शेवटची गाडी गेल्यावर, फ्रीज बंद करून, पंखा बंद करून, घड्याळ गादीखाली घालून. मला श्वास ‘तोंडाने पण हळू’ घ्यायला सांगितलं होतं. आईला खोकला आहे म्हणून तिला आतल्या खोलीत, दार लावून, तोंडात खडीसाखर देऊन बसवलं. बायको पदर तोंडाला लावून उभी, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पुतणीने बोट वर केलं. मोबाईल चालू. आणि त्या नीरव क्षणी आतून आईने विचारलं, ‘झालं का गं?’

हा सिग्मा आमच्या घरात ‘झालं का गं सिग्मा’ म्हणून प्रसिद्ध आहे. काट्याच्या आवाजापेक्षा तो मोठा भरला.

दुसऱ्या दिवशी पुतणी खालच्या वहिनींकडे गेली. वहिनी ब्लाऊज शिवतात. निम्म्या गोवंडीची मापं त्यांना तोंडपाठ आहेत आणि तरी कुणाचं माप त्यांनी दुसरीला सांगितल्याचं ऐकिवात नाही. पाच मिनिटं मशीन थांबवाल का, एवढंच विचारायचं होतं. वहिनी मशीन थांबवून थेट वरच आल्या, शिवताना वापरायचा चष्मा तसाच नाकावर. लॅपटॉपवर ठिपक्यांची रांग होती आणि तिच्यातून जाणारी साईनची रेघ. पुतणीने मनाला येईल तो बारीकसा सिग्मा घालून पाहिला होता आणि आकड्यांची ओरड चालली होती. वहिनींनी बोटाने पडद्यावर रेघ गिरवली.

‘हे तंग झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘माया ठेवली नाहीस.’

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. पुढे उसवायला, सैल करायला, चुकलं तर सावरायला. वहिनींचं म्हणणं असं, की चोख मापाचा ब्लाऊज हमखास काखेत उसवतो, कारण टेप घेऊन मापताना बाई श्वास रोखून उभी असते आणि घातल्यावर श्वास घेते. पण म्हणून दोन-दोन इंच माया सोडली तर त्याला ब्लाऊज म्हणत नाहीत, पोतं म्हणतात. ते कुणालाही होतं. ‘आणि कुणालाही होतं म्हणजे कुणाचंच नाही.’

पुतणीने वही ओढली. तिच्या सरांना हे सांगायला अख्खं लेक्चर लागलं होतं. प्रत्येक ठिपका रेघेपासून किती दूर ते मोजायचं, त्याला सिग्माने भागायचं, वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज: हा काय-वर्ग. १९०० साली कार्ल पिअर्सनने काढलेली कसोटी. ठिपके ४४१, रेघ बसवायला चार आकडे खर्ची पडलेले: लाटेची उंची, वारंवारिता, लाट कुठून सुरू झाली ते, आणि शून्याची पातळी. उरले ४३७. तेव्हा बेरीजही ४३७ च्या आसपास यावी, तीसेक इकडे किंवा तिकडे. कसोटीलाही स्वतःची माया आहे. नऊ हजार आली तर एक तर रेघ चुकली किंवा सिग्मा कंजूषपणे धरला: काखेत उसवलं. बारा आली तर पोतं.

बारा आल्यावर आनंद होतो, हा खरा धोका. मटारांच्या मेंडेलचे आकडे त्याच्या नियमांना इतके चपखल बसतात, की १९३६ मध्ये फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हिशेब करून दाखवलं, निसर्ग एवढा आज्ञाधारक नसतो. मेंडेल त्याच्या पन्नास वर्षं आधीच वारला होता, नाही तर मठात चौकशी बसली असती. कोणी म्हणतं, बागेत काम करणाऱ्या मदतनिसाला धन्यांना कसले आकडे आवडतात ते ठाऊक होतं. मला हे पटतं. आमच्या सोसायटीचं ऑडिट गेली कित्येक वर्षं शून्य फरकाने जुळतं.

भागाकारातला सिग्मा वर्गात जातो हेही मला फार आवडलं. ज्या ठिपक्याचा सिग्मा दुप्पट, त्याच्या शब्दाला वजन चौथाई. काटा वाजताना आईने ‘झालं का गं’ केलं असतं, तरी त्या वेळचे ठिपके फेकून द्यायची गरज नव्हती, त्यांचा सिग्मा मोठा धरायचा, म्हणजे ते हजर राहतात पण त्यांचं कोणी फारसं ऐकत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ही पद्धत आणावी असं मी सुचवून पाहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, ‘सिग्मा कोण ठरवणार?’ त्यावर सगळेच एकदम बोलले आणि ठराव मायेने बाजूला ठेवला गेला.

आता या सगळ्या विद्येचा गाभा जो, वर्गांची बेरीज कमीत कमी करणं, तो कुणाचा, यावरूनही दोन गणितज्ञांचा जुना वाद आहे. लजांद्रने १८०५ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. गाउसने १८०९ मध्ये आपलं पुस्तक काढलं आणि त्यात शांतपणे म्हटलं, मी तर हे १७९५ पासून वापरतोय. सेरेस हा हरवलेला लघुग्रह १८०१ मध्ये गाउसच्या गणितावरूनच पुन्हा सापडला होता, तेव्हा त्याच्या तोंडाला लागणं अवघड. लजांद्र शेवटपर्यंत धुमसत राहिला. ‘हे मला आधीच सुचलं होतं’ हे वाक्य मराठी लेखकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की गाउसच्या बाजूने पुरावा आहे हे कळल्यावर थोडं वाईटच वाटलं.

मध्यंतरी रेघ बसेना. संगणक तासन्‌तास (म्हणजे पुतणीच्या पिढीचे, घड्याळाप्रमाणे चार सेकंद) विचार करून एक सपाट आडवी रेघ ठिपक्यांच्या मधून ओढायचा आणि हात वर करायचा. तेव्हा कळलं की या यंत्राला आधी आपणच अंदाज द्यावा लागतो: वारंवारिता साधारण अमुक असेल बघ. अंदाज बराच चुकला तर ते भलत्याच खड्ड्यात उतरून बसतं आणि तोच तळ समजतं. एकदा त्याने लाटेची उंची उणे तीन सांगितली. उणे उंचीची लाट! पुतणी म्हणाली, चालतं, फक्त अर्धी लाट पुढे सरकवायची. तोंड फिरवून बसलेल्या माणसाला उलट बाजूने जाऊन भेटण्यातला प्रकार.

यातली खरी मेख पुढे आहे. रेकॉर्डिंग दसपट लांब केलं तर वारंवारितेतली अनिश्चितता नुसती दहाने नाही, तीसेक पटीने कमी होते. मग लांबच करावं की! पण जितकं लांब रेकॉर्डिंग, तितका पहिला अंदाज नेमका असावा लागतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाला अंदाज पन्नासेक हर्ट्झने चुकला तरी यंत्र सांभाळून घेतं. पुरता एक सेकंद घेतला तर अंदाज एका हर्ट्झच्या आत असावा लागतो. थोडक्यात, ज्याला उत्तर माहीत आहे त्यालाच उत्तर मिळतं. सरकारी कार्यालयात कुठल्या खिडकीवर जायचं हे ज्याला माहीत असतं त्याचंच काम होतं, यात मला नवीन काही दिसलं नाही. पुतणीने अखेर दांड्यावरचा पाचशे बारा अंदाज म्हणून दिला. मी काही बोललो नाही. फक्त चहा मागितला.

रेघ बसली. पण पोरगी समाधानी नव्हती. काय-वर्ग अजून सातशेच्या घरात. म्हणून तिने ठिपक्यांतून रेघ वजा केली आणि मागे राहिलेल्या उरल्यासुरल्याचा आलेख काढला. नियमाप्रमाणे तिथे नुसता विस्कटलेला चुरा दिसायला हवा. दिसली एक संथ, टुमदार लाट. सेकंदाच्या शंभराव्या भागात बरोब्बर एक. म्हणजे शंभर हर्ट्झ.

ती गुणगुण कुणाची, यावर घरात तर्क झाले. आईने शेजाऱ्यांचा संशय घेतला. खरा गुन्हेगार स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक होता. वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, प्रत्येक हेलकाव्यात चोकमधलं लोखंड दोनदा ओढलं जातं, म्हणून सूर शंभराचा. इतकी वर्षं तो चोक आमच्या डोक्यावर तानपुऱ्यासारखा लागलेला होता आणि आम्ही त्यावर भांडत होतो. आणि तोही सच्चा नाही. देशाच्या वीजजाळ्याला नियमानेच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या मध्ये कुठेही राहायची मुभा आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आधारस्वर, आणि त्यालाही माया सोडलेली. वहिनींना हे मी मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. ‘सोडणारच,’ त्या म्हणाल्या, ‘एवढा मोठा घेर आहे.’

उरल्यासुरल्याकडे दुर्लक्ष करू नये याचा दाखला तर जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात १९६४ मध्ये एक खरखर येत होती, काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडली, खरखर तिथेच. ती विश्वाच्या जन्मापासून मागे राहिलेली ऊब निघाली आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल. ही गोष्ट ऐकल्यावर बायकोने खिडकीतल्या कबुतरांकडे पहिल्यांदाच हिशेबी नजरेने पाहिलं.

चोकची लाट हिशेबात धरायची तर आणखी तीन आकडे लागतात. ते धरल्यावर पाठीमागून लोकलच्या हॉर्नचा माग निघाला. त्याचे आणखी तीन. इथे मात्र पुतणी थांबली, कारण गणितज्ञ फॉन नॉयमनचा हत्ती. चार आकडे जुळवायची मोकळीक द्या, मी आलेखात हत्ती बसवतो आणि पाचव्याने त्याची सोंड हलवतो, असं तो म्हणायचा. भौतिकशास्त्रज्ञ फर्मीने १९५३ मध्ये हेच तरुण डायसनला ऐकवून त्याचं संशोधन एका बैठकीत गुंडाळलं होतं. पुढे २०१० मध्ये तिघांनी खरोखरच चार संमिश्र संख्यांत हत्ती काढून छापला. हत्ती म्हणून ओळखू येतो, एवढंच म्हणेन. ट्यूबलाइट बंद करणं सोपं होतं, ते केलं. हॉर्न आपल्या हातात नाही.

हॉर्नने मात्र तिला वेगळीच चटक लावली. ती खिडकीत मोबाईल धरून बसू लागली. गाडी साठच्या वेगाने येताना सूर पाचेक टक्के चढतो, जाताना तेवढाच उतरतो. समोरून जाता जाता जवळपास एका सुराची उतरंड. १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलट नावाच्या गृहस्थाने हे तपासायला उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुराची जाण असलेले लोक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला बेत खराब हवेने उधळला, जूनमध्ये उत्रेख्तच्या मार्गावर जमला. आपल्याकडे लोकलमध्ये भजनी मंडळ रोज फुकट असतं, पण जाणकार सगळे डब्याच्या आत बसलेले. बाहेरच्याला नुसती झांज ऐकू येते, आणि ती चढली की उतरली हे सांगणं बाइस बॅलटलाही जमलं नसतं.

या सगळ्या खटाटोपाला थोर परंपरा आहे, असं मी पुतणीला सांगत असतो. २०१५ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत झाली, यजमान आपलं मानखुर्दचं केंद्र. ऐंशीहून जास्त देशांची मुलं आलेली. पाच तासांच्या प्रयोगात एक भाग असा, की टॅब्लेटमधून साईनचा सूर सोडून एक पट्टी थरथरवायची, तिने पाण्यावर बारीक लहरी उठवायच्या, त्यांवरून लेझर सोडायचा आणि पडद्यावरच्या ठिपक्यांच्या अंतरावरून पाण्याचा पृष्ठताण काढायचा. मुंबईत, जुलैत, पाण्याच्या लहरी. साहित्य आभाळातून पुरवलं गेलं असणार.

तर निकाल लागला: ५११.६ अधिक-उणे ०.४ हर्ट्झ. काय-वर्ग ४५१. दांड्यावरचा पाचशे बारा मायेत बसला. वहिनींना पेढा गेला.

जर्नल लिहिताना शेवटी ‘त्रुटींची कारणे’ असा मथळा असतो. आमच्या पिढीने तिथे ‘हवेचा रोध व घर्षण’ असं लिहून पदव्या घेतल्या. प्रयोग भिंगाचा असला तरी. पुतणी खरं लिहिणारी. तिने प्रत्येक कारण रेकॉर्डिंगमधून मोजलं, त्याचा वाटा काढला आणि तक्ता केला. ट्यूबलाइटचा चोक. हार्बर लोकल. खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र. काका (श्वास). काकू (बांगड्या). तक्ता फ्रीजवर चुंबकाने लावला गेला आणि घरात कलह पेटला. बायकोचं म्हणणं, माझा श्वास शिवणयंत्रापेक्षा कमी कसा, रात्री तर भिंत हलते. वहिनींना आपलं मशीन तिसऱ्या नंबरवर आल्याचं वाईट वाटलं, लोकल परकी आणि चोक निर्जीव, त्यांची काय बरोबरी. आईने चष्मा पुसून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. तिचं नाव तक्त्यात नव्हतं. तळटीपेत होतं: ‘आजीचा खोकला – नगण्य’.

‘नगण्य?’ आई म्हणाली.

पुतणीने समजावलं, की आजी, तू आत होतीस, दार बंद होतं, खडीसाखर होती. आईने ऐकून घेतलं. मग मधलं दार सताड उघडलं, खुर्ची ओढून टेबलाजवळ आणली, नादकाट्याच्या अगदी शेजारी बसली आणि घसा खाकरून म्हणाली, ‘घे परत.’